क्रॉमवेलच्या मुलाचं पुढे काय झालं?

प्रश्न : शाळेत असताना वाचलं होतं, की इंग्लंडात राजाचं डोकं उडवून ऑलिव्हर क्रॉमवेल सत्तेवर आला आणि तो वारल्यावर पुन्हा राजा आला. मध्ये कुठेतरी त्याच्या मुलाचा उल्लेख होता, तोही एका ओळीत : 'मुलगा नालायक निघाला.' मग त्या मुलाला मारलं, कैदेत टाकलं की तो पळून गेला? क्रॉमवेल राजा नव्हता, तर त्याच्या मुलाला गादी मिळालीच कशी? आणि खरंच तो इतका नालायक होता का?

उत्तर : एका पत्रात इतके प्रश्न गुंफलेत, की सुटे करूनच घ्यावे लागतील. पण शेवटाची उत्सुकता आधी भागवतो. मुलाचं नाव रिचर्ड. तो 12 जुलै 1712 रोजी, वयाच्या 85 व्या वर्षी, लंडनच्या उत्तरेला चेझंट नावाच्या गावी वारला. एका विधवा बाईंच्या घरी राहण्याजेवणाचे पैसे भरून तो राहत होता. सत्ता गेल्यावर हा माणूस तब्बल 53 वर्षं जगला. तेवढ्यात दुसरा चार्ल्स, दुसरा जेम्स, विल्यम आणि मेरी असे राजे-राण्या येऊन गेले आणि तो गेला तेव्हा अ‍ॅन राणी राज्य करत होती. त्या देशाच्या सर्वोच्च पदावर बसलेल्या कुणालाही पुढची तीनशे वर्षं एवढं आयुष्य लाभलं नाही. 2012 साली दुसऱ्या एलिझाबेथ राणीनं त्याला मागे टाकलं.

म्हणजे मारलं नाही. कैदेतही टाकलं नाही. पळाला मात्र, आणि वीस वर्षांनी गुपचूप परतही आला. ती हकिकत पुढे येईलच. तिच्याआधी त्याच्या आडनावाची हकिकत सांगायला हवी, कारण रिचर्डच्या आयुष्यातलं जे बरं आणि जे वाईट झालं, ते बहुतेक आडनावापायी झालं. आणि गंमत अशी, की ते आडनाव मुळात त्या घराण्याचं नव्हतंच.

घराणं मूळचं वेल्सचं, आडनाव विल्यम्स. मॉर्गन विल्यम्स नावाचा एक वेल्श माणूस लंडनजवळच्या पटनीत येऊन स्थिरावला आणि तिथल्या कॅथरीन क्रॉमवेलशी त्यानं लग्न केलं. कॅथरीनचा भाऊ म्हणजे थॉमस क्रॉमवेल. आठव्या हेन्रीचा सर्वशक्तिमान मंत्री, इंग्लंडातले मठ मोडून त्यांच्या जमिनी सरकारजमा करणारा. अशा मामाचा भाचा असणं ही त्या काळात मोठीच जहागीर होती. भाच्यानं, म्हणजे रिचर्ड विल्यम्सनं, बापाचं आडनाव मागे टाकून मामाचं लावलं. हंटिंग्डनजवळचा हिंचिंगब्रुकचा मठ आणि रॅम्झीचा गडगंज मठ, दोन्ही पदरात पाडून घेतले. पुढे 1540 मध्ये त्याच हेन्रीनं मामाचं डोकं उडवलं, तरी भाच्यानं आडनाव सोडलं नाही. मात्र कायदेशीर कागदांवर जुनं नाव बरीच वर्षं डोकावत राहिलं. खुद्द ऑलिव्हरच्या 1620 च्या लग्नाच्या करारातसुद्धा 'क्रॉमवेल ऊर्फ विल्यम्स' असं आहे.

तो भाचा आपल्या रिचर्डचा खापरपणजोबा. दोघांचं नावही एकच. एकानं आडनाव धरलं आणि घराणं उभं राहिलं. दुसऱ्यानं तेच आडनाव टाकलं, म्हणून तो जगला.

प्रश्न : हा रिचर्ड लहानपणापासून वारस म्हणून वाढला होता का?

उत्तर : मुळीच नाही. तो तिसरा मुलगा. जन्म हंटिंग्डनचा, 4 ऑक्टोबर 1626 चा. थोरला भाऊ रॉबर्ट 1639 मध्ये फेल्स्टेडच्या शाळेत शिकत असताना गेला. दुसरा ऑलिव्हर बापाच्या बाजूनं लढायला गेला आणि 1644 मध्ये छावणीतल्या रोगराईत दगावला. त्यामुळे सतरा वर्षांच्या रिचर्डकडे थोरलेपण आपोआप आलं. तेव्हा तरी त्याचा अर्थ एवढाच होता, की एका मध्यम जमीनदाराची शेतीवाडी त्याला सांभाळायची आहे. चार वर्षांत बाप इंग्लंडचा सर्वांत बलाढ्य सेनानी होईल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

1649 च्या जानेवारीत राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला, आणि त्याच वर्षी 1 मे रोजी रिचर्डचं लग्न लागलं. मुलगी हॅम्पशरमधल्या हर्स्ली गावच्या रिचर्ड मेजर यांची, नाव डॉरथी. जावई सासुरवाडीलाच राहिला. शिकार, घोडे, शेजाऱ्यापाजाऱ्यांत ऊठबस असं त्याचं चाललेलं असायचं. आयर्लंडमधल्या मोहिमेतून बाप पत्रं पाठवायचा. लष्करी डावपेचांइतकीच त्या पत्रांत मुलाची काळजी दिसते : थोडा इतिहास वाच, गणित आणि जगाचा भूगोल शीक, वॉल्टर रॅलेनं लिहिलेला जगाचा इतिहास हाताशी ठेव, आळसात दिवस घालवू नकोस. व्याह्यांनाही तो लिहितो, की आमच्या चिरंजीवांकडे जरा लक्ष असू द्या. नंतरच्या एका पत्रात, ठरवून दिलेली रक्कम पुरत नाही आणि पोरानं कर्ज केलंय असं कानावर आलं म्हणून चिडचिड आहे. ज्याच्या नावानं तीन राज्यं थरथरत होती तो माणूस पोराच्या उधारीनं हैराण झालेला पाहून कुठल्याही बापाला बरं वाटेल.

रिचर्डला नऊ मुलं झाली. त्यातली चार जगली, एक मुलगा आणि तीन मुली.

प्रश्न : क्रॉमवेल राजा नव्हता, मग वारसा कसला?

उत्तर : खरी मेख इथेच आहे. 1653 च्या डिसेंबरात ऑलिव्हर 'लॉर्ड प्रोटेक्टर' झाला, तेव्हा पद वंशपरंपरेचं नव्हतं. तो गेला की कौन्सिलनं दुसरा निवडायचा, असं घटनेतच लिहिलेलं होतं. मग 1657 मध्ये पार्लमेंटनं त्याला चक्क राजमुकुट देऊ केला. यामागे भक्तीपेक्षा व्यवहार होता. राजाचे अधिकार शेकडो वर्षांच्या कायद्यानं बांधलेले होते. 'प्रोटेक्टर' या नव्या प्राण्याला कुठल्या खुंट्याला बांधायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑलिव्हर कित्येक आठवडे घोळत राहिला, लष्करातले जुने सहकारी डोळे वटारून बसले, आणि शेवटी त्यानं मुकुट नाकारला. मात्र त्याच मसुद्यातलं एक कलम त्यानं ठेवून घेतलं : आपल्यामागे कोण, हे प्रोटेक्टरनंच सांगायचं.

26 जून 1657 ला दुसऱ्यांदा शपथविधी झाला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतली राज्याभिषेकाची खुर्ची उचलून आणली होती, जांभळा झगा होता, राजदंड होता. मुकुट तेवढा नव्हता. लग्नात सगळं करून मंगळसूत्र घालायचं ठेवावं, तसा हा समारंभ.

याच वर्षी रिचर्डला पुढे आणायला सुरुवात झाली. दोन पार्लमेंटांत तो आधीच निवडून आला होता आणि व्यापारविषयक समितीवरही होता. आता बापाच्या जागी ऑक्सफर्ड विद्यापीठाचा कुलपती झाला आणि वर्षअखेरीस कौन्सिलमध्ये गेला. पण 'माझ्यामागे रिचर्ड' असं ऑलिव्हरनं जाहीरपणे कधीच सांगितलं नाही, आणि तसा लेखी कागदही कधी पुढे आला नाही. 3 सप्टेंबर 1658 ला तो गेला. डनबार आणि वुस्टर या दोन मोठ्या विजयांची ती तारीख. उशाशी असलेल्यांनी सांगितलं, की शेवटी विचारलं तेव्हा रिचर्डचंच नाव घेतलं. आजही काही इतिहासकार त्यावर भुवया उंचावतात. त्या दिवशी कुणी उंचावल्या नाहीत. रिचर्डची द्वाही फिरली आणि परगण्यापरगण्यांतून अभिनंदनाच्या, निष्ठेच्या मानपत्रांचा पाऊस पडला. आमचे प्राण आणि संपत्ती आपल्या चरणी, अशा थाटाची ती मानपत्रं. ती पेट्यांत भरून ठेवली गेली. त्या पेट्या लक्षात ठेवा.

बापाची अंत्ययात्रा मात्र पूर्ण राजाची. ऑलिव्हरचा पुतळा करून सॉमरसेट हाउसमध्ये लोकांना दर्शनासाठी ठेवला, आणि जिवंतपणी नाकारलेला मुकुट त्या पुतळ्याच्या डोक्यावर चढवला. या थाटाची बिलं पुढे कितीतरी दिवस थकलेली होती.

प्रश्न : मग पावणेनऊ महिन्यांत असं काय बिघडलं? तो खरंच नालायक होता का?

उत्तर : 'नालायक' हा शब्द पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना फार सोयीचा. हिशेब मांडून बघू. रिचर्डला बापाकडून मिळालं काय? एक, सुमारे 20 लाख पौंडांचं सरकारी कर्ज. दोन, महिनोन्‌महिने पगार थकलेलं लष्कर. तीन, त्या लष्कराचे असे अधिकारी, ज्यांनी बापाबरोबर घोड्यावर दहा वर्षं काढली होती आणि मुलाला लढाईत कधी पाहिलंच नव्हतं. शांत स्वभाव, गोड बोलणं, कुणाला दुखवायचं नाही ही वृत्ती, अशा भांडवलावर जिल्ह्याचा न्यायाधीश उत्तम होता येतं. या फौजेचा सरसेनापती होता येत नाही.

आणि त्या फौजेचे म्होरके कोण होते, तर घरचेच! चार्ल्स फ्लीटवुड हा रिचर्डच्या थोरल्या बहिणीचा, ब्रिजेटचा नवरा. जॉन डेझबरो हा ऑलिव्हरच्या बहिणीचा नवरा, म्हणजे रिचर्डच्या आत्याचे यजमान. एक मेव्हणा आणि एक आतोबा. मेव्हण्याच्या घरी, लंडनमधल्या वॉलिंगफर्ड हाउसमध्ये, अधिकाऱ्यांच्या बैठका भरू लागल्या. सरसेनापतिपद प्रोटेक्टरकडे नको, आमच्यातल्या माणसाकडे द्या, ही त्यांची मागणी होती. भाऊबंदकी हा शब्द इंग्रजीत नाही, पण वस्तू तिथेही तयार मिळते. सख्खा धाकटा भाऊ हेन्री मात्र कर्तबगार होता आणि रिचर्डच्या बाजूनं होता. तो आयर्लंडचा कारभार बघत होता, म्हणजे मध्ये समुद्र होता.

लष्कराचं दुसरं दुखणं धर्माचं. रिचर्ड सरळमार्गी पण सोवळ्याचा नसलेला माणूस. अष्टौप्रहर प्रार्थना करणारेच अधिकारी वर चढावेत हे त्याला पटत नसे. इंगोल्ड्सबी नावाच्या एका अधिकाऱ्याला त्यानं बढती दिली तेव्हा धार्मिक मंडळी कुरकुरली. त्यावर रिचर्ड म्हणाला, की याला धड प्रार्थना येत नाही की प्रवचन, तरी तुम्हा सगळ्यांपेक्षा माझा याच्यावर विश्वास आहे. ही गोष्ट त्याचा विरोधक लडलो यानं लिहून ठेवली आहे. मला तर ती त्याच्या बाजूचीच वाटते. शहाणपणाची मात्र नव्हती. पुण्यवान माणसाला तू ढोंगी आहेस असं सुचवलेलं तो मरेपर्यंत विसरत नाही.

27 जानेवारी 1659 ला पार्लमेंट भरलं. रिचर्डला पाठिंबा देणारे त्यात बरेच होते, पण पगार चुकते करण्याइतका पैसा उभा करण्यापेक्षा भाषणांत त्यांचे आठवडे गेले. 18 एप्रिलला त्यांनी ठराव केला, की प्रोटेक्टर आणि पार्लमेंट यांच्या परवानगीशिवाय अधिकाऱ्यांनी बैठका भरवू नयेत. म्हणजे दारूच्या कोठारात चिमणी ठेवल्यासारखं झालं. अधिकाऱ्यांनी फौजा सेंट जेम्सजवळ गोळा केल्या. रिचर्डनं आपल्या फौजांना व्हाइटहॉलकडे बोलावलं, तर निघालेल्या पलटणीसुद्धा मेव्हण्याकडे वळल्या. 22 एप्रिलला त्यानं, म्हणजे त्याच्याकडून त्यांनी, पार्लमेंट बरखास्त करवलं.

याच दिवसांतली एक गोष्ट सांगतात. एका निष्ठावंतानं सुचवलं, की हुकूम द्या, म्होरक्यांना आज रात्री उचलतो. रिचर्डनं नकार दिला. आपलं मोठेपण टिकवण्यासाठी रक्ताचा एक थेंबही सांडलेला नको, आणि ते मोठेपणही आपल्याला ओझंच झालंय, अशा अर्थाचं तो बोलला म्हणे. शब्दन्‌शब्द खरा असेल-नसेल, पण पुढे तो वागला तसाच. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिल्लीत औरंगजेबानं दारा शुकोहचं डोकं उडवलं. सत्तेची वाटणी कशी करतात याचे त्या काळचे नमुने डोळ्यांसमोर ठेवले, तर रिचर्डला 'नालायक' म्हणताना जीभ जरा अडखळते. आयर्लंडात भाऊ होता, स्कॉटलंडात जनरल मंक फौज घेऊन बसलेला होता. युद्ध पेटवायचंच असतं तर काडी हातात होती. त्यानं ती ओढली नाही.

25 मे 1659 ला त्यानं पद सोडल्याचं लिहून दिलं. लोकांनी नावं ठेवली : 'टंबलडाउन डिक', म्हणजे आपल्याकडचा 'गडगडलेला डिक्या'. हॅम्पशरमध्ये फार्नबरोला या नावाचा पबसुद्धा होता. आणि त्या पेट्या? राजवाडा सोडताना त्यानं नोकरांना बजावलं, की या दोन जुन्या पेट्या जपून उचला, त्यात इंग्लंडमधल्या सगळ्या सज्जनांचे प्राण आणि संपत्ती आहे. दंतकथा असेल. पण ज्याला स्वतःच्या पडझडीवर असा विनोद करता येतो असं लोकांना वाटलं, तो माणूस निव्वळ मूर्ख नसावा.

प्रश्न : राजा परत आल्यावर सूड कसा नाही घेतला?

उत्तर : घेतला, पण बापाच्या मढ्यावर. रिचर्ड पडल्यावर लष्कर आणि पार्लमेंट यांचा वर्षभर सावळा गोंधळ चालला. मंक स्कॉटलंडहून खाली उतरला आणि 29 मे 1660 रोजी, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, दुसरा चार्ल्स वाजतगाजत लंडनमध्ये शिरला. 30 जानेवारी 1661 ला, पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदाच्या दिवशी, ऑलिव्हरचं प्रेत उकरून टायबर्नला फासावर लटकवलं आणि मुंडकं वेस्टमिन्स्टर हॉलवर खांबाला टोचून ठेवलं. बरीच शतकं इथून तिथे फिरून ते मुंडकं 1960 मध्ये केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात, ऑलिव्हरच्याच कॉलेजात, पुरलं गेलं.

रिचर्डनं राजाच्या मृत्युदंडावर सही केलेली नव्हती, खटल्यातही तो नव्हता. राजाला त्याच्यापासून भीती नव्हती. भीती होती ती सावकारांची. पद सोडताना त्याच्या डोक्यावर सुमारे 29 हजार पौंडांचं देणं होतं. पार्लमेंटनं ते फेडायचं आणि वर निवृत्तिवेतन द्यायचं कबूल केलं. फेडलं कुणी? त्या काळी कर्जदाराला उचलून तुरुंगात टाकता येई. म्हणून 1660 च्या उन्हाळ्यात, बायकोला आणि मुलांना हर्स्लीला ठेवून, तो समुद्रापार फ्रान्सला गेला. डॉरथी 1676 च्या जानेवारीत वारली. नवराबायकोची पुन्हा भेट झाली नाही.

आडनावाची पाटी इथे उतरली. परदेशात तो 'जॉन क्लार्क' झाला. भीती अगदीच पोकळ नव्हती : राजाच्या मृत्युदंडाशी संबंध असलेले तिघे जण 1662 मध्ये डेल्फ्टला पकडले गेले आणि लंडनला आणून मारले गेले. जॉन लाइल याला तर 1664 मध्ये लोझानमध्ये राजपक्षीयांनी भर रस्त्यात ठार केलं. क्लार्कसाहेब पॅरिसमध्ये पुस्तकं वाचत, चित्रं काढत, कुणाच्या अध्यातमध्यात न पडता राहिले.

राजाचा मंत्री क्लॅरेंडन यानं या काळातली एक चटकदार हकिकत लिहिली आहे. दक्षिण फ्रान्समध्ये पेझेनास गावी कोंतीचा राजपुत्र होता. आल्यागेल्या परदेशी माणसानं त्याला भेटण्याचा रिवाज होता. रिचर्ड भेटला तो अनोळखी इंग्रज प्रवासी म्हणून. राजपुत्र गप्पांच्या ओघात इंग्लंडवर आला : तो ऑलिव्हर बदमाश होता, पण होता शूर, राज्य करायला लायक. त्याचा तो पोरगा मात्र अगदीच भेकड आणि मूर्ख, कुठे गेला हो तो? रिचर्डनं काहीतरी उत्तर दिलं, निरोप घेतला आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडलं. क्लॅरेंडन शत्रुपक्षाचा, तेव्हा तिखटमीठ लागलेलं असणार.

प्रश्न : मग परत कसा आला? कुणी ओळखलं नाही?

उत्तर : 1680 च्या सुमारास आला. बायको गेलेली, मुलं मोठी झालेली, सावकारांतले बरेच देवाघरी गेलेले. थॉमस पेंगेली नावाच्या व्यापाऱ्याकडे, आधी फिंचलीला आणि मग पेंगेलीच्या विधवेकडे चेझंटला तो राहिला. ओळखणारे ओळखत होते, पण तो विषय काढत नसे. भजनकार आयझॅक वॉट्स, ज्यांची गीतं आजही चर्चमध्ये गायली जातात, त्यांची त्याच्याकडे ऊठबस होती. ते सांगत, की इतक्या भेटींत आपल्या जुन्या पदाचा ओझरता उल्लेख त्यानं एकदाच केला, तोही दुरून. 1690 मध्ये मुलगी अ‍ॅन हिला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की तीस वर्षं मी एकटा आहे, हद्दपार आहे, मुका आहे, आणि गप्प राहण्यातच माझी सुरक्षितता आहे. पाठ्यपुस्तकातल्या त्या एका ओळीऐवजी हे पत्र छापायला हवं होतं.

म्हातारपणी मात्र एकदा गप्प राहणं सोडावं लागलं. त्याचा एकुलता मुलगा, आजोबांचंच नाव लावणारा ऑलिव्हर, 1705 मध्ये वारला. हर्स्लीची मालमत्ता आता कुणाची, यावरून बापलेकींत वाद झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. ऐंशीच्या घरातला माजी प्रोटेक्टर स्वतः कोर्टात उभा राहिला. न्यायाधीशानं त्याला खुर्ची द्यायला लावली आणि निकाल बापाच्या बाजूनं दिला, असं सांगतात. याच फेरीत तो लॉर्ड्सच्या सभागृहात डोकावला म्हणे. शेजारी उभ्या असलेल्या कुणी अनोळखी माणसानं विचारलं, या जागी यापूर्वी कधी आला होतात? म्हाताऱ्यानं सिंहासनाकडे बोट दाखवून सांगितलं, त्या खुर्चीवर बसलो होतो, त्यानंतर आजच. खरंखोटं देव जाणे. पण एकदा वाचल्यावर ही गोष्ट डोक्यातून जात नाही, एवढं खरं.

मेल्यावर त्याला हर्स्लीच्या चर्चमध्ये नेऊन पुरलं. डॉरथीपासून बावन्न वर्षं लांब राहिलेला नवरा शेवटी सासुरवाडीला परतला.

प्रश्न : या सगळ्याचा आपल्याशी काही संबंध?

उत्तर : मुंबईशी आहे. सुरतेच्या इंग्रज वखारीनं 1652 मध्येच ईस्ट इंडिया कंपनीला सुचवलं होतं, की पोर्तुगिजांकडून मुंबई विकत घ्यावी. 1654 मध्ये कंपनीनं ही सूचना थेट ऑलिव्हर क्रॉमवेलपुढे ठेवली : बंदर उत्तम, जागा चहूबाजूंनी सुरक्षित. 1657 मध्ये त्यानं कंपनीला नवी सनद दिली, पण मुंबईचं काही झालं नाही. ते झालं राजा परतल्यावर. दुसऱ्या चार्ल्सनं पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न ठरवलं आणि 1661 च्या तहात मुंबई हुंड्यात आली. 1668 मध्ये राजानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीला देऊन टाकली. प्रोटेक्टरांच्या घराण्यात पोर्तुगीज राजकन्या आली नसती हे नक्की. जर-तर फार ताणू नये, पण मेव्हण्याच्या घरी भरलेल्या बैठकींचा एक धागा फिरत फिरत माहीमच्या खाडीपर्यंत येतो, एवढं म्हणायला हरकत नाही.

प्रश्न : त्या घराण्यात आज कुणी आहे?

उत्तर : लेकींकडून आणि बहिणींकडून वंशज पुष्कळ, आणि त्यांतले कित्येक अभिमानानं तसं सांगतातही. आडनाव मात्र गेलं. रिचर्डचा मुलगा बिनलग्नाचा वारला. भाऊ हेन्रीच्या शाखेतला शेवटचा पुरुष, त्याचंही नाव ऑलिव्हर, आणि तोही त्याच चेझंटमध्ये राहणारा. त्याला मुलगीच होती. आपलं आडनाव बुडू नये म्हणून जावयानं क्रॉमवेल हे आडनाव लावावं, अशी परवानगी त्यानं राजाकडे मागितली. मामाचं आडनाव लावण्याची मुभा या घराण्याला एकदा मिळाली होती, सासऱ्याचं लावायला ती मिळाली नाही. नाही नाही, आणखी क्रॉमवेल नकोत, असं तिसरा जॉर्ज म्हणाल्याचं सांगतात. हा शेवटचा ऑलिव्हर क्रॉमवेल 1821 मध्ये वारला. जावई रसेल होता, रसेलच राहिला.